व्यूहरचनेच्या संगणक खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड

व्यूहरचनेचे संगणक खेळ, अर्थात स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे ज्यांत खेळाडू सैन्य, नगर किंवा साम्राज्य यांच्याकडे वरून पाहत साधनसंपत्ती, बांधकाम आणि युद्ध यांविषयीचे निर्णय घेतो असे खेळ होत. एज ऑफ एम्पायर्स, स्टारक्राफ्ट, सिव्हिलायझेशन आणि टोटल वॉर या त्यांतील प्रसिद्ध मालिका आहेत. ग्राफिक्स कार्ड हा संगणकाचा असा भाग आहे की जो पडद्यावर दिसणाऱ्या चित्राची आकडेमोड करतो. खेळासाठी घेतलेल्या संगणकात बहुधा हाच सर्वांत महाग भाग असतो.

व्यूहरचनेच्या खेळांत संगणकावर पडणारा भार नेमबाजीच्या किंवा मोटारशर्यतीच्या खेळांपेक्षा वेगळा असतो. अनेक खेळांत चित्र काढण्याच्या कामापेक्षा शेकडो सैनिकांच्या हालचालींचा हिशेब ठेवण्याचे काम जड ठरते आणि हे काम ग्राफिक्स कार्ड करीत नाही, प्रोसेसर करतो. त्यामुळे या खेळांसाठी माफक किमतीचे कार्ड पुष्कळदा पुरेसे होते. उलट, प्रोसेसर दुबळा असेल तर महाग कार्ड बसवूनही खेळाची गती वाढत नाही. म्हणून कार्डाची निवड करण्यापूर्वी संगणकाचा कोणता भाग कमी पडत आहे हे ओळखणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

प्रत्यक्ष वेळेत चालणाऱ्या व्यूहरचनेच्या खेळांचा साचा वेस्टवुड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ (१९९२) या खेळाने रूढ केला. ‘वॉरक्राफ्ट’ (१९९४), ‘कमांड अँड कॉन्कर’ (१९९५), ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) आणि ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) हे त्यानंतरचे गाजलेले खेळ होत. या सर्वांतील सैनिक आणि इमारती म्हणजे आधी तयार करून ठेवलेली द्विमितीय चित्रे होती. योग्य वेळी योग्य चित्र पडद्यावर ठेवणे एवढेच काम असल्याने त्यांना स्वतंत्र त्रिमितीय ग्राफिक्स कार्डाची गरज भासत नसे.

त्याच सुमारास घरगुती संगणकांसाठी त्रिमितीय चित्रे काढणारी कार्डे बाजारात येऊ लागली. थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ हे कार्ड १९९६ साली आले. १९९९ साली एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणले आणि त्याच्या प्रचारातून ‘जीपीयू’, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसिंग युनिट, हा शब्द सर्वतोमुखी झाला. एटीआय ही दुसरी मोठी कंपनी २००६ साली एएमडीने विकत घेतली. इंटेलने आर्क या नावाने खेळांसाठीची स्वतंत्र कार्डे २०२२ पासून विकण्यास आरंभ केला. आज या बाजारपेठेत याच तीन कंपन्यांच्या चिप प्रामुख्याने आढळतात. प्रत्यक्ष कार्डे मात्र त्या चिप वापरून इतर अनेक कंपन्या बनवतात.

व्यूहरचनेचे खेळ क्रमाक्रमाने त्रिमितीय झाले. ‘होमवर्ल्ड’ (१९९९) हा अवकाशयुद्धाचा खेळ पूर्णतः त्रिमितीय होता. ‘शोगन: टोटल वॉर’ (२०००) मध्ये त्रिमितीय रणभूमीवर हजारो सैनिक दिसू लागले. ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) आणि ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) यांनी आपापल्या मालिका त्रिमितीय केल्या. तेव्हापासून या खेळांसाठी कोणते कार्ड घ्यावे हा प्रश्न निर्माण झाला.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांतील कामाची विभागणी

पडद्यावर हलताना दिसणारे दृश्य हे एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांचे बनलेले असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेम पुरेशा मानल्या तर सुमारे ३३.३ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांनीही आपापले काम या मुदतीत संपवावे लागते. त्यांपैकी जो मागे पडेल त्याच्या गतीने संपूर्ण खेळ चालतो.

प्रोसेसरकडे खेळाच्या जगाचा हिशेब असतो. प्रत्येक सैनिक कोठे आहे, तो कोठे निघाला आहे, वाटेत नदी किंवा तटबंदी असल्यास कोणत्या मार्गाने जावे, शत्रू दृष्टीच्या टप्प्यात आला आहे काय, बाण लागला काय, अशा प्रश्नांची उत्तरे तो सतत काढत असतो. मार्ग शोधण्यासाठी बहुतेक खेळांत ‘ए-स्टार’ या रीतीचा किंवा तिच्या सुधारित रूपांचा उपयोग होतो. ही रीत पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी १९६८ साली मांडली. दहा सैनिकांचे मार्ग शोधणे सोपे असते. परंतु चारशे सैनिक एकाच अरुंद खिंडीतून एकमेकांना चुकवीत जाऊ लागले म्हणजे हे काम फार वाढते. संगणकाने चालवलेल्या प्रतिस्पर्ध्याचे डावपेच ठरवणे हेही प्रोसेसरचेच काम असते.

ग्राफिक्स कार्डाकडे या हिशेबाचे दृश्य रूप साकारण्याचे काम असते. सैनिकांच्या आकृती, जमिनीचा पोत, पाण्यातील प्रतिबिंब, सावल्या, धूर आणि प्रकाश यांच्या आधारे पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग ते ठरवते. हे काम पिक्सेलांच्या संख्येनुसार वाढते. १९२० × १०८० या रिझोल्यूशनच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० × १४४० मध्ये सुमारे ३६.९ लाख, तर ३८४० × २१६० मध्ये सुमारे ८२.९ लाख. यावरून दिसते की एकाच खेळासाठी लागणारे कार्ड पडद्यानुसार बदलते. साधा पडदा वापरणाऱ्यास शक्तिशाली कार्डाचा पुरता लाभ मिळत नाही.

अनेक जण मिळून खेळतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. या प्रकारच्या पुष्कळ खेळांत प्रत्येक सैनिकाची स्थिती इंटरनेटवरून पाठवली जात नाही. केवळ खेळाडूंच्या आज्ञा पाठवल्या जातात आणि प्रत्येकाचा संगणक संपूर्ण युद्धाचा हिशेब स्वतः करतो. सर्व संगणकांचे हिशेब तंतोतंत जुळावे लागतात, म्हणून एकाचा संगणक मागे पडला तर इतरांना त्याच्यासाठी थांबावे लागते. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये ही पद्धत पहिल्या भागापासून वापरली गेली. ‘एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन’ (२०१९) प्रकाशित झाली त्या वेळी क्रमवारीच्या सामन्यांत उतरण्यापूर्वी खेळाडूच्या संगणकाला एका चाचणीत किमान १००० गुण मिळवावे लागत, ते याच कारणामुळे. संगणकातील उणीव अशा खेळात एकट्याची राहत नाही. तिची झळ सोबत्यांनाही बसते.

स्टारक्राफ्ट २ चे उदाहरण

ब्लिझार्ड एन्टरटेनमेंटचा ‘स्टारक्राफ्ट २’ हा खेळ २७ जुलै २०१० रोजी प्रकाशित झाला. नोव्हेंबर २०१७ पासून त्याची पहिली मोहीम आणि बहुखेळाडू सामने विनामूल्य खेळता येतात. खेळ फुकट असल्याने तो खेळण्याचा खर्च केवळ संगणकाचा उरतो. म्हणूनच कमी पैशांत कोणते कार्ड घ्यावे, हा प्रश्न या खेळाच्या संदर्भात वारंवार विचारला जातो.

प्रकाशनाच्या वेळी कंपनीने किमान गरज म्हणून १२८ मेगाबाइट मेमरीचे जीफोर्स ६६०० जीटी किंवा रेडिऑन ९८०० प्रो हे कार्ड सांगितले होते. ही दोन्ही कार्डे खेळाच्या प्रकाशनापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ बाजारात आलेली होती. शिफारस केलेली कार्डे जीफोर्स ८८०० जीटीएक्स आणि रेडिऑन एचडी ३८७० ही होती. त्यानंतरच्या काळात आलेली साधी कार्डेही या अटी सहज पूर्ण करतात.

असे असूनही या खेळात मोठ्या लढाईच्या वेळी फ्रेमची संख्या अचानक घसरते. त्याचे कारण चित्रात नसून हिशेबात असते. एका खेळाडूच्या सैन्यासाठी २०० एककांची मर्यादा आहे, परंतु झर्गलिंग हा लहान प्राणी अर्धेच एकक व्यापतो. त्यामुळे एकाच खेळाडूकडे शेकडो प्राणी असू शकतात. चारांविरुद्ध चार अशा सामन्यात आठ खेळाडूंची सैन्ये एकत्र येतात. त्यातच हा खेळ प्रामुख्याने प्रोसेसरच्या दोनच कोअरवर चालतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा विभाग. आठ कोअरच्या प्रोसेसरमधील उरलेले सहा कोअर अशा वेळी जवळजवळ रिकामे असतात. या खेळासाठी कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरचा वेग अधिक महत्त्वाचा ठरतो.

या खेळाने एक उलट उदाहरणही पुरवले. सुरुवातीच्या काळात काही स्थिर पडद्यांवर, उदाहरणार्थ खेळाच्या यादीच्या पडद्यावर, फ्रेमच्या संख्येला मर्यादा नव्हती. हिशेब काहीच नसल्याने कार्ड शक्य तितक्या वेगाने तेच चित्र पुनःपुन्हा काढत राही आणि पुरेसे थंड न राहणारी कार्डे तापत. सेटिंगच्या फाइलमध्ये फ्रेमची कमाल संख्या लिहून ठेवावी, असा उपाय कंपनीने तेव्हा सुचवला होता. फ्रेमला मर्यादा घालणे हा आजही कार्डाची उष्णता, आवाज आणि वीजवापर कमी करण्याचा सोपा मार्ग आहे.

कमी पडणारा भाग ओळखणे

खेळ संथ चालत असल्यास दोष कार्डाचा की प्रोसेसरचा हे ठरवण्यासाठी कोणतीही खरेदी न करता करता येण्याजोग्या चाचण्या आहेत.

पहिली चाचणी रिझोल्यूशनची. मोठी लढाई चालू असतानाचा खेळ साठवून ठेवावा. तोच प्रसंग आधी नेहमीच्या आणि नंतर बऱ्याच कमी रिझोल्यूशनवर चालवून फ्रेमची संख्या पाहावी. रिझोल्यूशन उतरवताच फ्रेम स्पष्टपणे वाढल्या तर कार्ड कमी पडत होते असे समजावे. फ्रेम जवळजवळ तितक्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरची आहे आणि नव्या कार्डाने ती दूर होणार नाही.

दुसरी चाचणी विंडोजमधील टास्क मॅनेजरची. विंडोज १० च्या २०१७ च्या उत्तरार्धातील आवृत्तीपासून त्यात ग्राफिक्स कार्डाचा वापरही दिसतो. खेळ संथ असताना कार्डाचा वापर १०० टक्क्यांच्या जवळ असेल तर मर्यादा कार्डाची असते. येथे एक चूक हमखास होते. प्रोसेसरचा एकूण वापर १५ टक्के दिसला की प्रोसेसर निवांत आहे असे मानले जाते. परंतु आठ कोअरपैकी एक कोअर पूर्ण भाराने चालत असेल तर एकूण आकडा साधारण १२.५ टक्केच दिसतो. म्हणून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा पाहणे आवश्यक असते.

काही खेळांत अशा चाचण्या अंगभूत असतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ (२०१६) मध्ये दोन वेगळ्या चाचण्या आहेत. एक चित्राची गती मोजते. दुसरी संगणकाने चालवलेल्या राज्यांना आपली पाळी संपवण्यास किती वेळ लागतो ते मोजते. एकाच खेळाला दोन मोजपट्ट्या लागाव्यात यातूनच या दोन कामांचे वेगळेपण दिसून येते.

ही तपासणी न करता केलेली खरेदी म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. प्रोसेसर जुना असेल तर तेच पैसे मदरबोर्डाला चालणाऱ्या अधिक वेगवान प्रोसेसरवर खर्च करणे हिताचे ठरते.

खेळाच्या प्रकारानुसार गरज

पाळीपाळीने खेळायचे खेळ: सिव्हिलायझेशनसारख्या खेळांत चपळतेला महत्त्व नसते. सेकंदाला ३० फ्रेम असल्या तरी खेळाच्या आनंदात विशेष उणेपणा येत नाही. खेळ लांबत गेला की पाळी संपण्याची वाट पाहावी लागते. ही प्रतीक्षा कमी करणे कार्डाच्या हाती नसते.

प्रत्यक्ष वेळेतील खेळ: स्टारक्राफ्ट आणि एज ऑफ एम्पायर्स यांत आज्ञा त्वरेने द्याव्या लागतात, त्यामुळे ६० फ्रेमचे सातत्य उपयोगी पडते. सरासरी फ्रेमपेक्षा लढाईच्या क्षणी असलेली किमान फ्रेमची संख्या येथे अधिक अर्थपूर्ण असते. ‘सुप्रीम कमांडर’ (२००७) या खेळात सैन्ये इतकी मोठी होत की प्रोसेसर मागे पडून खेळातील काळच मंदावत असे.

भव्य रणभूमीचे खेळ: टोटल वॉर मालिका याला अपवाद आहे. हजारो सैनिक, गवत, धूर आणि सावल्या यांमुळे तिच्यात प्रोसेसर आणि कार्ड या दोघांवरही मोठा भार पडतो. या मालिकेतील ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) या अठराव्या शतकावरील खेळात मराठा राज्यसंघ हे खेळाडूस निवडता येणारे एक राज्य आहे. जुना खेळ म्हणून तो आजच्या साध्या कार्डावरही चालतो. ‘टोटल वॉर: वॉरहॅमर ३’ (२०२२) सारख्या नव्या भागांसाठी मात्र मध्यम शक्तीचे कार्ड लागते. म्हणून ‘व्यूहरचनेचा खेळ’ एवढ्यावर न थांबता नेमका कोणता खेळ खेळायचा आहे ते आधी ठरवावे लागते.

कार्डाची वैशिष्ट्ये

मेमरीचे प्रमाण: कार्डावर स्वतंत्र मेमरी असते, तीत पोतांची चित्रे आणि आकृती साठवल्या जातात. ती अपुरी पडली तर माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि खेळ अडखळतो. जुन्या खेळांना २ ते ४ गिगाबाइट मेमरी पुरते. नव्या खेळांसाठी ८ गिगाबाइटचे कार्ड अधिक काळ उपयोगी पडते.

मेमरीचा वेग: केवळ प्रमाण पाहून निर्णय घेतल्यास फसगत होऊ शकते. जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरीसह आले. तिचा वेग सेकंदाला ४८ गिगाबाइट होता. पुढील वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले. तिचा वेग १६.८ गिगाबाइट, म्हणजे जवळपास एकतृतीयांश होता. दोन्हींत मेमरी २ गिगाबाइटच होती.

एकाच नावाची भिन्न कार्डे: जीटीएक्स १०६० च्या ३ आणि ६ गिगाबाइटच्या प्रकारांत केवळ मेमरीचाच फरक नव्हता, गणन करणाऱ्या विभागांची संख्याही अनुक्रमे ११५२ आणि १२८० अशी वेगळी होती. आरटीएक्स ३०५० हे २०२२ साली ८ गिगाबाइट मेमरीसह आले. २०२४ मधील ६ गिगाबाइटचा प्रकार कमी विभागांचा आणि अरुंद मेमरीमार्गाचा आहे. त्यामुळे विकत घेताना नावासोबत मेमरीचे प्रमाण आणि प्रकार हेही पावतीवर लिहून घेणे योग्य असते.

वीजपुरवठा: मदरबोर्डावरील पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी तार जोडावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅट, तर आठ पिनांची १५० वॅट पुरवते. कार्यालयांतून निवृत्त झालेले संगणक स्वस्तात मिळतात, पण त्यांतील पॉवर सप्लायला अशा तारा बहुधा नसतात. त्यांच्यासाठी जीटीएक्स १६५० चे ७५ वॅटचे प्रकार, ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० (७० वॅट) किंवा आरएक्स ६४०० (५३ वॅट) यांसारखी केवळ खाचेवर चालणारी कार्डे सोयीची ठरतात. संगणकाची पेटी अरुंद असल्यास कमी उंचीचे कार्ड लागते.

जोडणीची पिढी: आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे पीसीआय एक्स्प्रेसच्या केवळ चार मार्गिका वापरतात. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या पुरतात. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर त्यांचा वेग निम्मा होतो आणि मेमरी अपुरी पडताच खेळ अडखळतो. म्हणजे जुन्या संगणकासाठी म्हणून घेतलेले स्वस्त कार्ड नेमके जुन्या संगणकातच कमी गुणाचे ठरू शकते. इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय मदरबोर्डात असावी लागते. ती नसल्यास त्यांची गती लक्षणीय घटते.

स्वतंत्र कार्डाविना खेळणे

अनेक प्रोसेसरांत ग्राफिक्सचा विभाग अंतर्भूत असतो. एएमडीच्या ५६००जी (२०२१) किंवा ८६००जी (२०२४) यांसारख्या प्रोसेसरांतील हा विभाग स्टारक्राफ्ट २, एज ऑफ एम्पायर्स २ आणि सिव्हिलायझेशन ६ हे खेळ बेताच्या सेटिंगवर खेळण्यास पुरेसा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावात एफ हे अक्षर असते त्यांत मात्र ग्राफिक्सचा विभाग चालू नसतो; त्यांना स्वतंत्र कार्ड अनिवार्य आहे.

अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्याने ते संगणकाची मुख्य मेमरी वापरते. मेमरीची एकच पट्टी असेल तर डीडीआर४-३२०० या प्रकारात सेकंदाला २५.६ गिगाबाइट इतका वेग मिळतो; दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्यास तो ५१.२ गिगाबाइट होतो. म्हणून १६ गिगाबाइटच्या एका पट्टीपेक्षा ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या अशा संगणकात अधिक गुणकारी असतात. मेमरीची एक जादा पट्टी हा काही वेळा नव्या कार्डाला सर्वांत स्वस्त पर्याय असतो.

लॅपटॉपमधील ग्राफिक्स बहुतेक वेळा बदलता येत नाही. शिवाय एकाच नावाची चिप निरनिराळ्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या वीजमर्यादेवर चालवली जाते आणि त्यानुसार तिची शक्ती बदलते. त्यामुळे तेथे निवड खरेदीच्या वेळीच काळजीपूर्वक करावी लागते.

बाजार आणि वापरलेली कार्डे

कार्डांच्या किमती तंत्रज्ञानाबरोबरच मागणीनुसारही चढतात व उतरतात. इथेरियम या कूटचलनाच्या निर्मितीसाठी ग्राफिक्स कार्डे मोठ्या प्रमाणावर वापरली जात असल्याने २०२१ साली साधी कार्डेही दुर्मीळ आणि महाग झाली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांची ती गरज संपली आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीस आली.

भारतात ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळूरमधील एस.पी. रोड हे संगणकाच्या सुट्या भागांचे प्रसिद्ध बाजार आहेत. नवे कार्ड पक्क्या पावतीने घेतल्यास हमीचा लाभ घेणे सोपे जाते. विनापावती मिळणाऱ्या सवलतीत बहुधा हमीचा त्याग अंतर्भूत असतो.

वापरलेले कार्ड घेताना ते चालू संगणकात लावून, एखादा खेळ किमान अर्धा तास चालवून पाहणे इष्ट असते. पंख्याचा आवाज, तापमान आणि पडद्यावर उमटणारे विचित्र ठिपके किंवा रेषा यांकडे लक्ष द्यावे लागते. जुन्या कार्डाच्या अंतर्गत प्रणालीत फेरफार करून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकार घडतात. ‘जीपीयू-झेड’ या विनामूल्य प्रणालीने कार्डातील चिपची खरी ओळख तपासता येते. फार जुन्या कार्डांना कंपनीकडून नवे ड्रायव्हर मिळत नाहीत, हीही बाब महत्त्वाची आहे. उदाहरणार्थ, एनव्हिडियाने केप्लर पिढीच्या, म्हणजे जीटीएक्स ६०० व ७०० मालिकांतील बहुतेक कार्डांसाठी नव्या खेळांना अनुकूल ड्रायव्हर देणे २०२१ साली थांबवले.

सेटिंगमधील बदल

नवे कार्ड घेण्यापूर्वी खेळातील सेटिंग बदलून पाहता येते. सावल्यांचा दर्जा, पाण्यातील प्रतिबिंबे आणि कडा गुळगुळीत करणारी अँटी-एलियासिंग ही सोय कमी केल्यास कार्डाचा भार उतरतो आणि वरून दिसणाऱ्या दृश्यात त्याचा फरक फारसा जाणवत नाही. पोतांचा दर्जा मुख्यतः कार्डाच्या मेमरीशी निगडित असतो. टोटल वॉरमधील तुकडीचा आकार कमी केल्यास प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचेही काम हलके होते. सामन्यातील खेळाडूंची संख्या आणि नकाशाचा आकार कमी करणे हा प्रोसेसरचा भार घटवण्याचा मार्ग होय.

कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करून दाखवण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’ केवळ आरटीएक्स कार्डांवर चालते. एएमडीने २०२१ साली आणलेले ‘एफएसआर’ त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत इतर कंपन्यांच्या आणि जुन्या कार्डांवरही चालते. यासाठी खेळात तशी सोय असावी लागते. पुन्हा, या तंत्राने चित्राचे काम कमी होते, हिशेबाचे नाही.

निवडीचा क्रम

सारांशाने, निवडीचा क्रम असा राहतो: प्रथम खेळ आणि पडद्याचे रिझोल्यूशन निश्चित करणे, नंतर सध्याच्या संगणकावर चाचणी घेऊन कमी पडणारा भाग शोधणे, सेटिंग बदलून आणि मेमरीच्या पट्ट्या तपासून विनाखर्च किंवा अल्पखर्चात सुधारणा होते का ते पाहणे, तरीही कार्डच कमी पडत असल्यास पॉवर सप्लाय, पेटीतील जागा आणि जोडणीची पिढी यांत बसणारी कार्डे निवडणे, आणि शेवटी त्यांतून मेमरीचे प्रमाण, तिचा प्रकार व हमी पाहून किमतीची तुलना करणे. व्यवहारात हा क्रम अनेकदा उलटा होतो. किमतीपासून सुरुवात केली जाते आणि घरी आणलेले कार्ड पेटीत मावत नाही किंवा खेळ पूर्वीइतकाच संथ राहतो. व्यूहरचनेच्या खेळांच्या बाबतीत तर चाचणीअंती नव्या कार्डाची गरजच नाही असा निष्कर्षही निघू शकतो.